नियामक नॉन-कोडिंग आरएनएच्या कार्याची नोंद: टर्म सगळ्यात शेवटी निवडा

ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस यांच्या मायक्रोआरएनएवर (जनुकांना दाबणाऱ्या, प्रथिन न बनवणाऱ्या छोट्या आरएनएवर) काम करणाऱ्या मुलामुलींचे प्रबंध माझ्याकडे वाचायला येतात. दुष्काळ मराठवाड्याच्या पाचवीला पुजलेला, त्यामुळे पाण्याच्या ताणावरचे काम त्यांत जास्त. प्रयोग बहुतेकांचे नेटके असतात. घोळ होतो तो 'आरएनएचे कार्य' या शेवटच्या प्रकरणात. संगणकाने वर्तवलेली लक्ष्य-जनुकांची यादी घ्यायची, ती एन्रिचमेंटच्या, म्हणजे यादीत कोणत्या कार्याची जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत ते मोजणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि वर आलेल्या पहिल्या दहा टर्म (कार्याची प्रमाणित नावे) त्या मायक्रोआरएनएच्या नावावर चढवायच्या, असा शिरस्ता पडला आहे. ही कार्याची नोंद नव्हे. लक्ष्य-जनुके कुठल्या गटातली असू शकतात याचा तो अंदाज आहे. लक्ष्यांची यादीच मुळात काही ठरावीक प्रक्रियांकडे झुकलेली असते, म्हणून पुष्कळदा असंबंधित मायक्रोआरएनएसाठीही त्याच त्या टर्म वर येतात.

जीन ऑन्टॉलॉजी, म्हणजे जीओ, या प्रमाणित शब्दसंग्रहात नोंद करायची तर चार गोष्टी एका ओळीत याव्या लागतात: रेणू, टर्म, पुरावा आणि संदर्भ. क्रमही महत्त्वाचा. रेणू आधी, पुरावा नंतर, टर्म शेवटी. हा क्रम उलटा केला की पुढचे सगळे चुकते.

एक सूचना आधीच देतो. इथे मी नावे आणि कोड देवनागरीत लिहितो आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते सगळे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे.

तयारी: बसण्यापूर्वी हे हाताशी ठेवा

जीओची मूळ फाइल ('जीओ-बेसिक', ओबीओ स्वरूपातली) उतरवून घ्या. परभणी-लातूरकडच्या वसतिगृहात भारनियमनात नेट गेले तरी ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि शोधता येते. नेट असेल तेव्हा क्विकगो किंवा अमिगो ही जीओ शोधायची संकेतस्थळे वापरा. तिथे टर्मचे वरचे-खालचे नाते चित्रात दिसते. फाइल कोणत्या तारखेच्या आवृत्तीची आहे ते वहीत लिहून ठेवा. टर्मचा क्रमांक टिकतो, नाव मात्र बदलते. जीओ:००३५१९५ या टर्मचे नाव पूर्वी 'मायक्रोआरएनएद्वारे जनुक-शांतीकरण' असे होते. आता त्यात 'ट्रान्सक्रिप्शननंतरचे' हा शब्द आला आहे. जुना पेपर आणि नवी फाइल यांत तफावत दिसली तर क्रमांकावर विश्वास ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरा तक्ता. रकाने असे: पेपरचा पबमेड क्रमांक (पबमेड या शोधनिबंध-सूचीतला), आकृती क्रमांक, रेणू, प्रजाती, प्रयोग काय केला, काय दिसले, पुरावा-कोड (पुराव्याच्या प्रकाराचे लघुरूप), टर्म. शेवटचा रकाना पाचवी पायरी येईपर्यंत रिकामा राहील. हात शिवशिवतील, तरी भरू नका.

तिसरी गोष्ट, मूळ संशोधन-पेपर. आढावा-लेखातून नोंद करू नका. आढाव्यात 'अमुक मायक्रोआरएनए दुष्काळ-सहनशीलता वाढवते' असे एक वाक्य असते. त्यामागचा प्रयोग कोणत्या झाडात, कोणत्या पद्धतीने झाला, ते त्या वाक्यात नसते.

पायरी १: रेणू नेमका कोणता ते ठरवा

निम्म्या चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

मायक्रोआरएनएचे जनुक, त्यापासून बनणारी हेअरपिन (स्वतःवर दुमडलेला पूर्वरूप आरएनए) आणि हेअरपिनमधून कापून निघणारा साधारण २१-२२ न्यूक्लिओटाइडचा पक्व तुकडा, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. लक्ष्य-एमआरएनएला दाबायचे काम पक्व तुकडा करतो, म्हणून नोंदही त्याच्याच नावावर हवी. नावात फरक बारीक असतो. प्राण्यांत रोमन 'मिर'मधला शेवटचा 'आर' लहान लिपीत असेल तर हेअरपिन, कॅपिटल असेल तर पक्व रेणू. वनस्पतींत तिन्ही अक्षरे कॅपिटल असतील तर ते जनुक किंवा पूर्वरूप. शेवटी '-५पी' किंवा '-३पी' असेल तर पक्व तुकडा हेअरपिनच्या कोणत्या बाहूतून आला ते कळते. दोन बाहूंचे तुकडे वेगळे, त्यांची लक्ष्ये वेगळी.

आता आरएनएसेंट्रल या आरएनए-क्रमांच्या डेटाबेसमध्ये जा आणि नावाऐवजी पक्व क्रम टाकून शोधा. मिळणारा ओळखक्रमांक 'यूआरएस' अक्षरांनी सुरू होतो, पुढे दहा चिन्हे, मग अधोरेषा आणि प्रजातीचा क्रमांक. अधोरेषेआधीचा भाग क्रमाचा असतो, नंतरचा प्रजातीचा. माणसात लेट-७ए या मायक्रोआरएनएचे तीन जनुक-ठिकाण आहेत, पण त्यांतून निघणारा ५पी तुकडा एकच, म्हणून यूआरएसही एकच. उंदरात तोच क्रम असेल तर यूआरएस तोच राहतो आणि शेवटी ९६०६ च्या जागी १००९० येते.

आपल्याकडे लागणारे प्रजाती-क्रमांक: ज्वारी ४५५८, तूर ३८२१, हरभरा ३८२७, सोयाबीन ३८४७, अमेरिकन कापूस ३६३५, अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेतली नमुना-वनस्पती) ३७०२.

लांब नॉन-कोडिंग आरएनएचे प्रकरण अवघड. एकाच ठिकाणाहून अनेक प्रतिलेख निघतात आणि प्रत्येकाचा यूआरएस वेगळा. पेपरमध्ये नुसते नाव असेल तर प्रायमर किंवा क्लोनचा क्रम पुरवणीत शोधा आणि तोच प्रतिलेख घ्या. सापडला नाही तर जनुकाच्या पातळीवर नोंद करा आणि शेऱ्यात तसे लिहा.

रेणूचा प्रकारही सीक्वेन्स ऑन्टॉलॉजी (एसओ) या क्रमांच्या प्रकारांच्या शब्दसंग्रहातल्या शब्दांत द्या: मायक्रोआरएनए एसओ:००००२७६, लांब नॉन-कोडिंग आरएनए एसओ:०००१८७७, स्नोआरएनए एसओ:००००२७५. नुसते 'एनसीआरएनए' (नॉन-कोडिंग आरएनए, एसओ:००००६५५) लिहिणे चूक नाही, पण माहिती हाताशी असताना ढोबळ लिहिण्यात अर्थ नाही.

*तपासा:* ओळखक्रमांकाच्या शेवटची प्रजाती आणि प्रयोगातल्या रेणूची प्रजाती एकच आहे का? मानवी पेशींत उंदराचे मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) टाकलेले पेपर असतात. क्रम जुळतो का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: प्रयोगात काय दाखवले ते साध्या मराठीत लिहा

लेखकांचा निष्कर्ष नको, आकृतीत दिसते ते लिहा. 'मायक्रोआरएनए वाढवल्यावर अमुक एमआरएनए कमी झाले' हे निरीक्षण. 'मायक्रोआरएनए अमुक जनुकाला लक्ष्य करते' हा निष्कर्ष. तक्त्यात पहिले वाक्य जाते.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. अरॅबिडॉप्सिसमधील मिर-१६९ए आणि एनएफवायए५ या जनुकावरचे २००८ सालचे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हटकून येते. त्यात निरीक्षणे अशी आहेत. पाण्याच्या ताणात मिर-१६९ए चे पूर्वरूप घटते आणि एनएफवायए५ वाढते. एनएफवायए५ मध्ये मिर-१६९ चे लक्ष्यस्थान आहे. दोघांना एकत्र व्यक्त केल्यावर एनएफवायए५ चे एमआरएनए कमी होते. मिर-१६९ए जास्त बनवणाऱ्या झाडांच्या पानांतून पाणी जास्त जाते आणि ती दुष्काळाला लवकर बळी पडतात. एनएफवायए५ बंद केलेल्या झाडांचेही तसेच होते.

या पाचांपैकी प्रत्येक वाक्य तक्त्यात वेगळी ओळ आहे. एका ओळीत कोंबली की पुढे पुरावा-कोड कशाचा लावायचा तेच कळत नाही.

पायरी ३: थेट की आडून, ते ठरवा

हा या सगळ्या कामाचा कणा आहे. मायक्रोआरएनए त्या एमआरएनएशी स्वतः जोडी जुळवते हे प्रयोगाने दाखवले आहे का?

प्राण्यांतल्या कामात बहुधा लुसिफेरेज (प्रकाश देणारे एन्झाइम) चाचणी असते. लक्ष्याचा ३' यूटीआर (एमआरएनएचा शेवटचा, प्रथिनात न उतरणारा भाग) जोडलेल्या रिपोर्टरची चमक मायक्रोआरएनएमुळे कमी होते, आणि लक्ष्यस्थानातली अक्षरे बदलली की कमी होत नाही. दुसरा भाग नसेल तर पुरावा अर्धवट. बदललेल्या स्थानाचा स्तंभ आकृतीत शोधा. नसेल तर 'थेट' लिहू नका.

वनस्पतींत लक्ष्यस्थान बहुतेक वेळा जवळजवळ पूर्ण जुळते, ते सांकेतिक भागातही असते, आणि एमआरएनए कापले जाते. इथे ५' आरएलएम-रेस किंवा डिग्रेडोम (कापलेल्या एमआरएनएचे टोक शोधण्याच्या पद्धती) बघा. कापलेले टोक मायक्रोआरएनएच्या १० व्या आणि ११ व्या न्यूक्लिओटाइडच्या समोर आले पाहिजे. टोक एखादे न्यूक्लिओटाइड सरकलेले दिसले तर क्लोनांची संख्या बघा: किती क्लोनांपैकी कितींत ते टोक नेमके त्या जागी आले, हे पेपर बाणावर लिहितो.

पीएसआरएनएटार्गेट, टार्गेटस्कॅन या लक्ष्ये वर्तवणाऱ्या सॉफ्टवेअरांचा गुण कितीही चांगला आला तरी तो प्रयोग नव्हे. एमआयआरटारबेस किंवा टारबेस या लक्ष्यांच्या डेटाबेसमध्ये नोंद आहे म्हणून तीही जशीच्या तशी उचलू नका. तिथून पेपर घ्या आणि आकृती स्वतः बघा.

*सावधान:* कापण्याचे काम आर्गोनॉट प्रथिनाचे. एंडोरायबोन्यूक्लिएज (आरएनए आतून कापणे) ही टर्म मायक्रोआरएनएच्या नावावर लावलेली मी वारंवार बघतो. आरएनए फक्त जागा दाखवतो, सुरी प्रथिनाच्या हातात असते.

पायरी ४: पुरावा-कोड लावा

प्रत्येक ओळीला एक कोड. नेहमी लागणारे एवढेच:

आयडीए म्हणजे थेट चाचणी, लुसिफेरेजची नोंद इथे येते. आयएमपी म्हणजे रेणू बंद केल्यावर किंवा त्याचे प्रमाण बदलल्यावर दिसलेला परिणाम. इनहिबिटर, नॉकआउट, वनस्पतींतले अतिव्यक्तीकरण यांचा परिणाम इथे. आयपीआय म्हणजे भौतिक जोडणी, आणि त्यात अंतिम फाइलच्या 'विथ' रकान्यात जोडीदाराचा ओळखक्रमांक सक्तीचा. आयजीआय म्हणजे दोन जनुकांचा एकत्रित परिणाम, तिथेही 'विथ' सक्तीचा. आयडीएला मात्र 'विथ' रिकामा ठेवायचा.

आयईपी म्हणजे नुसते प्रमाण कमी-जास्त होणे. हा कोड फक्त जैविक प्रक्रियेच्या टर्मला चालतो. पाण्याचा ताण दिल्यावर क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) मायक्रोआरएनए तिप्पट झाले, म्हणून आण्विक कार्य लिहिता येत नाही.

अरॅबिडॉप्सिसमधले कार्य ज्वारीत न्यायचे असेल तर आयएसएस (क्रमाच्या साम्यावरून अनुमान), आणि 'विथ'मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या रेणूचा क्रमांक. तिथली मूळ नोंद प्रयोगाधारित असलीच पाहिजे. आयएसएसवरून दुसरे आयएसएस करायचे नाही. कुटुंबाचे नाव सारखे आहे एवढ्यावर भागत नाही. ज्वारीतल्या समकक्ष जनुकात ते लक्ष्यस्थान टिकून आहे का, हे क्रम मांडून बघा.

पायरी ५: आता टर्म निवडा

जीओच्या तीन शाखा आहेत: आण्विक कार्य, जैविक प्रक्रिया, पेशीय घटक. प्रत्येक शाखेसाठी वेगळा प्रश्न विचारा.

*आण्विक कार्य.* थेट जोडणीचा पुरावा असेल तरच. मायक्रोआरएनएसाठी टर्म जीओ:१९०३२३१, म्हणजे एमआरएनएशी बेस-जोडी करून त्याला दाबण्याचे कार्य. नाते (रेणू आणि टर्म यांना जोडणारा शब्द) 'एनेबल्स'. विस्ताराच्या रकान्यात 'हॅज इनपुट' लिहून लक्ष्य-जनुकाचा क्रमांक. लक्ष्य न लिहिता ही टर्म दिली तर नोंद जवळजवळ निरुपयोगी, कारण प्रत्येक मायक्रोआरएनए कुणाला ना कुणाला दाबतेच.

*जैविक प्रक्रिया.* थेट पुरावा असेल तर वर सांगितलेली ००३५१९५, नाते 'इन्व्हॉल्व्ड इन', पुन्हा लक्ष्यासह. नुसते एमआरएनए घटल्याचे दिसले असेल तर मी 'जनुक-अभिव्यक्तीचे ऋण नियमन' या ढोबळ टर्मपाशी थांबतो.

त्यापुढची प्रक्रिया, म्हणजे झाडात किंवा पेशीत शेवटी काय घडते, तिची नोंद वेगळी. मिर-१६९ए कडे परत येऊ. मुले इथे 'पाण्याच्या कमतरतेला प्रतिसाद' (जीओ:०००९४१४) ही टर्म आयईपी कोडाने लावून मोकळी होतात. पण पेपरमध्ये त्याहून बरेच काही आहे. रेणू वाढवला की झाड दुष्काळात लवकर कोमेजते, म्हणजे हा रेणू त्या प्रतिसादाला आवर घालतो. टर्म 'पाण्याच्या कमतरतेच्या प्रतिसादाचे ऋण नियमन', कोड आयएमपी. दुष्काळात रेणू घटतो हे निरीक्षण याला पूरक आहे: आवर सुटतो आणि प्रतिसाद उभा राहतो. 'प्रतिसाद देणारा' आणि 'प्रतिसादाला आवर घालणारा' यांत गल्लत झाली तर या नोंदीवरून पुढे कुणी वाण-सुधारणेसाठी रेणू निवडेल, तो नेमका उलटा निवडेल. मराठवाड्यात ही चूक शेतापर्यंत पोचू शकते, म्हणून मी यावर अडून बसतो.

कापल्या गेलेल्या टोकाचा पुरावा हातात नसेल तोवर याच उदाहरणात आण्विक कार्याचा रकाना मी रिकामा ठेवतो. रिकामा रकाना चालतो.

*सावधान:* 'दुष्काळ-सहनशीलता', 'उत्पादन', 'मधुमेह', 'कर्करोग' या जीओच्या टर्म नाहीत. गुणधर्मांसाठी प्लांट ट्रेट ऑन्टॉलॉजी, झाडाच्या अवयवांसाठी प्लांट ऑन्टॉलॉजी, रोगांसाठी मोंडो. जीओ निरोगी, नेहमीच्या जीवशास्त्राबद्दल बोलते. कर्करोगाच्या पेशीत मायक्रोआरएनए ओतून वाढ थांबली, तर ते तिचे नेहमीचे काम आहे का, हा प्रश्न विचारूनच 'पेशीसंख्या-वाढीचे ऋण नियमन' लावा.

*पेशीय घटक.* रेणू कुठे दिसला तेवढेच. नाते 'लोकेटेड इन'. नीट१ आणि मॅलॅट१ हे लांब नॉन-कोडिंग आरएनए; नीट१ चे पॅरास्पेकल (जीओ:००४२३८२), मॅलॅट१ चे न्यूक्लिअर स्पेक (जीओ:००१६६०७) ही पेशीकेंद्रकातल्या जागांच्या नेमक्या नोंदींची उदाहरणे. रक्तद्रवात सापडलेल्या मायक्रोआरएनएला 'पेशीबाह्य अवकाश' मिळते. ते तिथे काम करते असा अर्थ त्यातून काढू नका.

पायरी ६: लांब नॉन-कोडिंग आरएनएसाठी जास्तीची चाळणी

इथे आधी एक प्रश्न निकाली काढायचा: परिणाम आरएनएचा आहे की डीएनएच्या त्या जागेचा? पूर्ण ठिकाणच डिलिट केले असेल तर त्याबरोबर एन्हान्सर (जनुकाची अभिव्यक्ती वाढवणारा डीएनएचा तुकडा) गेला असू शकतो. शेजारच्या जनुकावरचा परिणाम त्या ठिकाणी ट्रान्सक्रिप्शन चालू असण्यामुळेही होतो, आरएनए काही न करता. म्हणून अँटिसेन्स ऑलिगोने किंवा आरएनएआयने फक्त आरएनए कमी केलेला प्रयोग शोधा. त्याहून चांगले म्हणजे आरएनए दुसऱ्या ठिकाणाहून पुरवल्यावर परिणाम भरून निघाला का ते. नुसते डिलिशन असेल तर आरएनएच्या नावावर नोंद करू नका.

दुसरा प्रश्न: हा आरएनए खरोखर नॉन-कोडिंग आहे का? काही 'लांब नॉन-कोडिंग' आरएनए छोटे पेप्टाइड बनवतात असे पुढे निघाले आहे. पेपरमध्ये वाचन-चौकट मोडूनही परिणाम टिकतो असे दाखवले असेल तर निर्धास्त.

'स्पंज' (मायक्रोआरएनएला अडकवून ठेवणारा आरएनए) हा शब्द दिसला की थांबा. क्रमात मायक्रोआरएनएची जागा आहे एवढ्यावर स्पंजची टर्म लावणे ही आजची सगळ्यात पसरलेली चूक आहे. पुरावा कसा असावा ते अरॅबिडॉप्सिसच्या आयपीएस१ मध्ये बघा (२००७). हा आरएनए मिर-३९९ शी जुळतो, पण कापण्याच्या नेमक्या जागी जुळणी तुटलेली आहे, म्हणून तो कापला न जाता मिर-३९९ ला अडकवून ठेवतो आणि मिर-३९९ चे लक्ष्य असलेल्या पीएचओ२ चे एमआरएनए वाचते. संशोधकांनी ती तुटलेली जुळणी दुरुस्त केली, तेव्हा आयपीएस१ कापला जाऊ लागला आणि अडवण्याची ताकद गेली. असा उलट-प्रयोग असेल तर 'बेस-जोडीने मायक्रोआरएनएला रोखणे' हे आण्विक कार्य बिनधास्त द्या, आणि विस्तारात मिर-३९९ लिहा.

पायरी ७: फाइल भरणे

जीएएफ २.२ या जीओ-नोंदींच्या फाइल-स्वरूपात १७ रकाने असतात. शाखा एका अक्षराने: कार्याला एफ, प्रक्रियेला पी, घटकाला सी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकांत. चौथ्या रकान्यातले नाते रिकामे ठेवता येत नाही.

*सावधान:* एक्सेलमध्ये कोपरा धरून खाली ओढू नका. ००३५१९५ च्या खाली ००३५१९६, ००३५१९७ आपोआप येतात, आणि यूआरएसच्या शेवटचे ४५५८ पुढच्या ओळीत ४५५९ होते. चूक डोळ्याला दिसत नाही, कारण क्रमांक खरेच वाटतात. रकाने आधी 'टेक्स्ट' करा, आणि कॉपी-पेस्टच करा.

*तपासा:* भरून झाल्यावर प्रत्येक जीओ क्रमांक मूळ फाइलमध्ये शोधा. तिथे 'इज ऑब्सोलीट' असे दिसले तर खालची 'रिप्लेस्ड बाय' ओळ बघा. मग तुमची एक ओळ प्रयोगशाळेतल्या सोबत्याला द्या, पेपर द्या, आणि विचारा: ही ओळ कोणत्या आकृतीवरून आली? त्याला आकृती सापडली नाही तर ओळ काढून टाका.

पायरी ८: पाठवणे, आणि टर्म नसेल तर

अरॅबिडॉप्सिसच्या नोंदींसाठी टेअर या अरॅबिडॉप्सिस-डेटाबेसचे गोट हे ऑनलाइन साधन आहे. इतर प्रजातींसाठी जीओच्या मदतकक्षाला लिहा. प्रबंधात मात्र नोंदींचा तक्ता परिशिष्टात पूर्ण द्या, ऑन्टॉलॉजीच्या आवृत्तीच्या तारखेसह.

हवी ती टर्म नसेल तर जवळपासची चुकीची टर्म ओढूनताणून लावू नका. जीओच्या गिटहब पानावर नवीन टर्मची मागणी करता येते, आणि ती विद्यार्थ्यालाही करता येते. मागणीत सुचवलेले नाव, दोन ओळींची व्याख्या, ती कोणत्या टर्मच्या खाली बसावी आणि निदान एका पेपरचा पबमेड क्रमांक द्या. उत्तर येईपर्यंत एक पायरी वरची, ढोबळ पण खरी टर्म लावा आणि तक्त्याच्या शेऱ्यात मागणीचा क्रमांक लिहून ठेवा.